कार्यशाळेच्या शेवटच्या सत्राला वेळ उरावा म्हणून काय करावे?

वाळवंटीकाठ (डिचोली)

नमस्कार. गोव्यातील डिचोली आणि सत्तरी या दोन तालुक्यांतील गावांत मी महिला मंडळे, बचत गट, शेतकरी आणि पंचायतीचे पंच यांच्यासाठी एकदिवसीय कार्यशाळा घेते. सध्याचा विषय गावच्या पाण्याचा आहे. झरी, तळ्या, पाट आणि बंधारे यांची आजची स्थिती गावकऱ्यांनी स्वतः मांडावी आणि पुढच्या उन्हाळ्यापूर्वी कोणते काम आधी हाती घ्यायचे हे त्यांनीच ठरवावे, असा कार्यशाळेचा हेतू असतो. वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या राज्यात एप्रिल-मे महिन्यांत काही वाड्यांवर टँकरची वाट का पाहावी लागते, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असल्यामुळे बोलायला कोणी कचरत नाही. अडचण वेळेची आहे.

पत्रिकेवर सकाळी १० ते संध्याकाळी ५ अशी वेळ असते आणि चार सत्रे असतात. पहिल्यात ओळख व विषयप्रवेश, दुसऱ्यात गावाचा पाणी-नकाशा, जेवणानंतर गटचर्चा व सादरीकरणे आणि शेवटी प्राधान्यक्रम व जबाबदाऱ्या. ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा ते चौथे सत्रच दरवेळी वीस-पंचवीस मिनिटांत आटोपावे लागते. तोवर निम्म्या बायका उठलेल्या असतात, कारण मुले शाळेतून घरी आलेली असतात किंवा वाड्यावर जाणारी बस चुकली तर पुढची केव्हा मिळेल याची खात्री नसते. मग निर्णय मागे राहिलेले पाच-सहा जण घेतात, आणि दुसऱ्या दिवशी गावात कोणी ते आपले मानत नाही.

वेळ कुठे जातो याची मला ढोबळ कल्पना आहे. उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे उशिरा येतात, साधनव्यक्ती (विषय मांडायला बोलावलेले तज्ज्ञ) इंग्रजीत बोलतात आणि त्यांचे म्हणणे कोंकणीत किंवा मराठीत सांगावे लागते, सादरीकरणे लांबतात, आणि एखादे ज्येष्ठ गृहस्थ बोलायला उभे राहिले की त्यांना थांबवणे कोणालाच बरे वाटत नाही. परंतु यांपैकी कशाला प्रथम हात घालावा, वेळापत्रक आखतानाच काय बदलावे आणि चालू कार्यशाळेत काय करावे, याबाबत अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास फार उपयोग होईल. "वेळ पाळा" एवढाच सल्ला मला पुरेसा नाही. वेळ पाळताना माणसे दुखावली जाऊ नयेत, हीही माझी तितकीच काळजी आहे.

अंत्रुजी (फोंडा)

ताई, आपण प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून मी उत्तरही हिशेबापासून सुरू करतो. १० ते ५ म्हणजे ४२० मिनिटे. त्यातून जेवणाचा एक तास आणि दोन वेळच्या चहाची चाळीस मिनिटे काढली की ३२० उरतात. उद्घाटनाला ४०, पस्तीस जणांच्या ओळखीला प्रत्येकी एक मिनिट धरून ३५ आणि आभार, अभिप्राय, प्रमाणपत्रे यांना २५ दिली की २२० राहतात. आता एका सत्रातून दुसऱ्यात जाणे, गट पाडणे, खुर्च्या हलवणे, चार्टपेपर आणि मार्कर वाटणे, बाहेर फोनवर बोलत असलेल्यांना आत बोलावणे, या प्रत्येक स्थित्यंतराला दहा मिनिटे लागतात. अशी चार स्थित्यंतरे धरली की १८० मिनिटे हाती येतात. म्हणजे सात तासांच्या कार्यशाळेत प्रत्यक्ष काम तीन तासांचे असते. आणि बायका ४ वाजता उठणार असतील, तर त्यातलाही एक तास गेला. उरलेल्या दोन तासांत चार सत्रे बसत नाहीत, दोन बसतात. जोवर पत्रिकेवर चार सत्रे आहेत तोवर कोणत्याही युक्तीने शेवटचे सत्र वाचणार नाही.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे खरा शेवट शोधणे. कार्यशाळेच्या आधी गावात जाल तेव्हा महिला मंडळाच्या अध्यक्षांना एवढेच विचारावे की शेवटची सोयीची बस किती वाजता आहे आणि त्या दिवशी गावात दुसरे काय आहे. काजूच्या हंगामात, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या पंधरवड्यात किंवा ग्रामदेवतेच्या जत्रेच्या दिवसांत तारीख धरू नये हे आपण जाणताच. बस सव्वाचारची असेल तर कार्यशाळा ४ वाजता संपते असे मानून मागे मागे मोजत यावे. निर्णयाला ७५ मिनिटे हवीत, म्हणजे ते सत्र पावणेतीनला सुरू झाले पाहिजे. त्याआधी गटकार्य, त्याआधी जेवण, अशी उतरती आखणी करावी. सकाळकडून पुढे आखत गेलो की जी तूट येते ती सगळी शेवटच्या सत्राच्या वाट्याला येते. शेवटाकडून मागे आलो की तूट सकाळच्या कार्यक्रमावर पडते, आणि सकाळच्या कार्यक्रमात कापण्यासारखे पुष्कळ असते.

त्यात सर्वांत आधी उद्घाटन. समई, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि त्यांचे मनोगत हे आपल्याकडे टाळता येत नाही आणि टाळूही नये, कारण गावच्या पंचायतीचा त्या कामाला आशीर्वाद आहे हे लोकांना दिसावे लागते. पण उद्घाटन कार्यशाळेच्या आरंभीच झाले पाहिजे असे कोणी सांगितले आहे? मी पाहुण्यांना सव्वाअकराची वेळ देतो, म्हणजे चहाच्या थोडी आधीची. १० वाजता काम सुरू झालेले असते, भिंतीवर अर्धा नकाशा तयार असतो. सरपंच किंवा आमदार येतात, दीपप्रज्वलन होते, गावकरीच त्यांना नकाशा दाखवतात, ते पाच मिनिटे बोलतात आणि सर्वजण चहाला उठतात. पाहुणे अर्धा तास उशिरा आले तरी काहीच अडत नाही, आणि कोऱ्या सभागृहासमोर भाषण करण्यापेक्षा चालू कामासमोर बोलताना त्यांचेही बोलणे आपोआप विषयाला धरून होते, असा माझा अनुभव आहे.

दहाची वेळ दिली की लोक सव्वादहा-साडेदहापर्यंत येत राहतात, हेही गृहीत धरावे. आलेल्यांना बसवून ठेवून उरलेल्यांची वाट पाहणे म्हणजे वेळेवर येणाऱ्यांचा अपमान आहे, असे मला मनापासून वाटते. दारातच गावाच्या सीमा दाखवणारा एक मोठा कागद लावावा आणि येणाऱ्या प्रत्येकाने आपले घर आणि आपण पाणी भरतो ती जागा त्यावर टिकलीने दाखवून, आपले नाव सांगून आत यावे. हजेरीपटावरची सहीही तिथेच घ्यावी. ओळखीचे काम यात बरेचसे उरकते आणि पस्तीस मिनिटांची ओळख दहावर येते.

जेवणाबद्दल थोडेसे. चाळीस माणसे एका रांगेत वाढून घेत असतील आणि प्रत्येकाला चाळीस सेकंद लागत असतील, तर शेवटच्या माणसाच्या ताटात भात पडायला सव्वीस-सत्तावीस मिनिटे लागतात. टेबल भिंतीपासून दूर ओढून दोन्ही बाजूंनी रांगा लावल्या की तेवढ्यात निम्मी बचत होते.

आता सादरीकरणे. पाच गट, प्रत्येकाला आठ मिनिटे आणि मधली दोन मिनिटे उठण्या-बसण्याची, असा पन्नास मिनिटांचा हा भाग असतो, आणि पाचही गटांना प्रश्न एकच दिलेला असेल तर तिसऱ्या गटापासून पुढे ऐकणाऱ्यांना नवे काही मिळत नाही. मी तीन पर्यायांतून एक निवडतो. प्रत्येक गटाला वेगळा प्रश्न द्यायचा. किंवा पहिल्या गटाने पूर्ण मांडायचे आणि बाकीच्यांनी फक्त त्यात नसलेले सांगायचे. किंवा सगळे चार्टपेपर भिंतीला लावून दहा-बारा मिनिटे सर्वांनी फिरून वाचायचे आणि मग एकत्र बसून "कुठे आपण सहमत नाही" एवढ्यावरच बोलायचे. तिसरा पर्याय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात मतभेद लवकर समोर येतात आणि खरी चर्चा मतभेदावरच व्हायची असते.

शेवटी एक सवय सांगतो. माझ्या कागदावर प्रत्येक सत्रापुढे तीन रकाने असतात: ठरवलेली वेळ, प्रत्यक्ष लागलेली वेळ आणि उशीर झाला तर यातले काय गाळायचे. तिसरा रकाना घरी बसून शांतपणे भरायचा, कारण सभागृहात घाईच्या क्षणी आपण हमखास चुकीची गोष्ट गाळतो. दुसऱ्या रकान्याचे महत्त्व मानसशास्त्रज्ञांनीही दाखवले आहे. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये असे मांडले की कामाला लागणारा वेळ सांगताना माणूस डोळ्यांसमोरच्या योजनेकडे पाहतो, आधीच्या तशाच कामांना किती वेळ लागला होता तिकडे पाहत नाही, आणि म्हणून त्याचा अंदाज कमी पडतो. मागच्या कार्यशाळांचे भरलेले रकाने समोर असले की पुढचा अंदाज स्वतःहून सुधारतो.

कुशावती (केपे)

अंत्रुजी सरांचा हिशेब मला पूर्ण पटला, परंतु एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. मी शिक्षिका होते आणि निवृत्तीनंतर केपे-सांगे भागात गटांबरोबर काम करते. वेळ वाचवण्याच्या नादात सुलभकाकडून (कार्यशाळा चालवणाऱ्याकडून) सर्वांत आधी गाळला जातो तो मौनाचा वेळ. प्रश्न विचारायचा आणि लगेच उत्तर आले नाही की आपणच उत्तर द्यायचे किंवा नेहमी बोलणाऱ्याकडे वळायचे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासून दाखवून दिले होते की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात, आणि हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत नेले तरी मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्ण होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. प्रौढांच्या गटात, विशेषतः जिथे सासवा-सुना एकाच खोलीत बसलेल्या असतात तिथे, मी याहून बराच अधिक वेळ थांबते. दहा सेकंदांच्या शांततेने वेळापत्रक कोसळत नाही.

सांगे तालुक्यातील एका वाड्यावर देवळाच्या सभामंडपात आम्ही जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढत होतो. नकाशाची वेळ संपली होती, पुरुषमंडळी उठून चहाकडे निघाली होती. तेवढ्यात कडेला बसलेली एक वयस्क बाई पुढे आली, खाली वाकली आणि कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) वरच्या अंगाला तिने बोटाने एक ठिपका काढला. तिथली झर आता झुडपांत बुजलेली होती. लग्न होऊन ती आली तेव्हा सारा वाडा तिथूनच पाणी नेत असे. पुरुषांनी काढलेल्या नकाशात ती झर नव्हतीच. पुढची सगळी चर्चा त्या ठिपक्याभोवती झाली. घड्याळाप्रमाणे नकाशा गुंडाळला असता तर ती बाई बोलली नसती, आणि आधी बोलली नव्हती याचे कारण तिला विचारणारे कोणी नव्हते. म्हणून माझे म्हणणे असे की वेळ वाढवावी लागली तर ती वाढवावी, मात्र ती सुलभकाने एकट्याने वाढवू नये. गटाला सरळ सांगावे: "या झरीबद्दल आणखी पंधरा मिनिटे बोलायचे असेल तर गटांचे सादरीकरण आपण सोडून देऊ. चालेल का?" लोक हिशेब उत्तम करतात. वेळ त्यांचा आहे, त्यामुळे तो कुठे खर्च करायचा हे त्यांना विचारले की त्यांना ते आवडते आणि पुढे तेच एकमेकांना आवरतात.

ज्येष्ठांना थांबवण्याविषयी आपण विचारले आहे. माझी रीत साधी आहे. बोलणाऱ्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहायचे, त्यांच्या बोलण्यातले एक वाक्य पकडून ते मोठ्याने म्हणायचे आणि सर्वांसमोर चार्टपेपरवर लिहायचे. "काका, तुम्ही म्हणता की बंधाऱ्याच्या फळ्या पाऊस ओसरल्यावर लगेच घातल्या पाहिजेत. हे मी लिहून घेतले. आता या बाजूच्या बायकांचे याबद्दल काय म्हणणे आहे ते ऐकूया." आपले म्हणणे लिहिले गेले हे दिसले की माणूस समाधानाने बसतो. बहुतेक लांब भाषणांचे मूळ आपले कोणी ऐकत नाही या शंकेत असते. विषयाबाहेरचे, पण महत्त्वाचे काही निघाले, उदाहरणार्थ रस्त्याचा किंवा वीजवाहिनीचा प्रश्न, तर त्यासाठी भिंतीवर वेगळा कागद ठेवावा आणि दिवसाच्या शेवटी तो पंचायत सदस्यांच्या हाती द्यावा. तो कागद खरोखर दिला जातो हे लोकांना दिसले पाहिजे, नाही तर पुढच्या वेळी त्यावर काही लिहून घ्यायला कोणी तयार होत नाही.

निर्णयाच्या सत्रासाठी चिंचोक्यांची पद्धत वापरून पाहावी. रॉबर्ट चेंबर्स आदींनी पुढे आणलेल्या लोकसहभागी पद्धतींत बिया वा खडे ठेवून क्रम लावण्याची रीत सर्रास वापरली जाते. कामांची चित्रे काढलेले कागद जमिनीवर मांडायचे, प्रत्येकाला दहा चिंचोके द्यायचे आणि ज्या कामाला जितके महत्त्व वाटते तितके चिंचोके त्यावर ठेवायला सांगायचे. ठेवणे आणि मोजणे मिळून वीस मिनिटांत होते, लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीही त्यात सुनेइतक्याच बरोबरीने भाग घेतात, आणि उरलेला सगळा वेळ "या कामाला इतके चिंचोके का पडले" या खऱ्या प्रश्नाला मिळतो. जेवणानंतर, गोव्यातल्या दुपारी, खुर्चीत बसवून ऐकवण्यापेक्षा उठून फिरायला लावणारे असे काम केव्हाही बरे.

बार्देशकर (म्हापसा)

मी बहुधा साधनव्यक्ती म्हणून जातो, त्यामुळे त्या बाजूने थोडक्यात लिहितो. भाषांतर वाक्यामागून वाक्य असे चालणार असेल तर तीस मिनिटांचे भाषण साठ मिनिटांचे होते. हे साधे गणित आम्हाला कोणी आधी सांगत नाही. निमंत्रण देतानाच स्पष्ट कळवावे की सत्र चाळीस मिनिटांचे आहे, त्यातील दहा प्रश्नांसाठी आहेत आणि भाषांतर होणार असल्याने आपले स्वतःचे बोलणे पंधरा मिनिटांचे हवे. त्याहून चांगले म्हणजे मुद्दे दोन दिवस आधी मागवून घ्यावेत आणि गावातल्याच एखाद्या शिक्षकाने ते सरळ कोंकणीत मांडावेत. तज्ज्ञाने शेजारी बसून केवळ शंकांची उत्तरे द्यावीत. लोक त्या शिक्षकाला अर्ध्यावर थांबवून विचारतात, पाहुण्या तज्ज्ञाला विचारत नाहीत.

वेळ दाखवण्यासाठी मागच्या रांगेतून पाट्या दाखवणे मला वक्ता म्हणून सोयीचे वाटते. "५ मिनिटे" आणि "१ मिनिट" अशा दोनच पाट्या असाव्यात, आणि त्या दाखवल्या जातील हे आधी सांगितलेले असावे. न सांगता अचानक पाटी समोर आली की बोलणारा गोंधळतो आणि समारोपालाच अधिक वेळ घेतो. प्रोजेक्टर जोडून, सुरू करून, पहिले चित्र पडद्यावर आणून ठेवण्याचे काम मात्र चहाच्या सुटीतच उरकावे, कारण गावच्या सभागृहात प्लग पॉइंट कुठे आहे आणि वायर तिथवर पोचते की नाही हे शोधण्यात सत्राची पहिली दहा मिनिटे सहज जातात.

अंत्रुजी (फोंडा)

कुशावतीताईंनी लिहिलेली झरीची हकिकत वाचून त्यांचा मुद्दा मान्य करतो, मात्र एक दुरुस्ती सुचवतो. गटाला विचारून वेळ वाढवावा हे ठीक, पण कुठून घ्यायचा नाही हे आधी ठरलेले असावे. ताईंनी आपल्या उदाहरणात सादरीकरण सोडून देण्याचा पर्याय ठेवला आहे, निर्णयाचे सत्र सोडण्याचा ठेवलेला नाही, आणि माझ्या मते त्यांच्या पद्धतीचे बळ तिथेच आहे. गटासमोर पर्याय ठेवताना सुलभकाने शेवटचा तास आणि बसची वेळ या दोन गोष्टी पणाला लावू नयेत. बस चुकण्याचा भुर्दंड ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्यांनाच बसतो, आणि सभागृहात हात वर करून "चालेल" म्हणणाऱ्यांत बहुधा दुचाकीवाले पुढे असतात.

मोकळ्या वेळेच्या बाजूने बोलणारे हॅरिसन ओवेन यांच्या ओपन स्पेस पद्धतीचा, म्हणजे चर्चेचे विषय सहभागींनीच ठरवण्याच्या पद्धतीचा, दाखला देतात. १९८० च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेल्या या पद्धतीत चर्चा केव्हा सुरू होते याची चिंता करू नये असे म्हटले जाते, हे खरे. पण तिथेही कोणता विषय कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी हा तक्ता पहिल्याच बैठकीत भिंतीवर लागतो आणि शेवटी सर्वांनी पुन्हा वर्तुळात यायचे हे ठरलेले असते. मधला वेळ सैल सोडता येतो तो दोन्ही टोके बांधलेली असतात म्हणून.

मोजकेच लोक सतत बोलत असतील आणि गट लिहिता-वाचता येणाऱ्यांचा असेल, म्हणजे शिक्षकांचा किंवा पंचायत सचिवांचा, तर बेर्न्ड रोरबाख यांची १९६८ मधील ६-३-५ पद्धत उपयोगी पडते. सहा जणांनी प्रत्येकी तीन कल्पना पाच मिनिटांत कागदावर लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, आणि सहा फेऱ्यांत म्हणजे अर्ध्या तासात कोणीही न बोलता १०८ नोंदी जमतात. वाड्यावरच्या मिश्र गटात ती वापरू नये. तिथे चिंचोकेच योग्य.

वाळवंटीकाठ (डिचोली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. देव बरे करू. हे वाचून पुढच्या कार्यशाळेची आखणी मी पुन्हा केली आहे, ती येथे देते.

गावातून शेवटची सोयीची बस ४ वाजून १० मिनिटांनी आहे, म्हणून ४ वाजता समाप्ती धरली आहे. सकाळी पावणेदहापासून दारातल्या कागदावर टिकल्या आणि सह्या. सव्वादहा ते सव्वाअकरा जमिनीवर पाणी-नकाशा, ज्यात शेवटची पंधरा मिनिटे फक्त बायकांनी भर घालायची आणि बाकीच्यांनी पाहायचे, असे मी कुशावतीताईंच्या अनुभवावरून ठरवले. सव्वाअकराला सरपंचांच्या हस्ते दीपप्रज्वलन आणि लगेच चहा. पावणेबारा ते १ चार गटांना चार वेगळे प्रश्न: झरी, तळ्या, पाट व बंधारे आणि विहिरी. १ ते २ जेवण, दोन्ही बाजूंनी रांगा. २ ते पावणेतीन भिंतीवरचे कागद पाहणे आणि त्यावर चर्चा. पावणेतीन ते ४ चिंचोके, कामांचा क्रम आणि प्रत्येक कामापुढे जबाबदारी घेणाऱ्यांची नावे. उशीर झाल्यास प्रथम भिंतीवरच्या कागदांची चर्चा कापायची आणि त्यानंतर गटचर्चेची वीस मिनिटे. चिंचोक्यांना हात लावायचा नाही. साधनव्यक्तींचे स्वतंत्र भाषण यावेळी ठेवलेलेच नाही. ते गटांबरोबर बसतील आणि विचारले तेव्हा सांगतील.

यात दोन शंका उरतात. दुपारचा चहा कुठेच बसत नाही. आणि ज्या कार्यालयाच्या निधीतून कार्यशाळा होते त्यांना अहवालासाठी सर्वांचे अभिप्राय अर्ज आणि समूहछायाचित्र लागते. ही दोन्ही कामे शेवटी ठेवली तर पंधरा मिनिटे त्यातच जातील.

कुशावती (केपे)

आखणी चांगली झाली आहे. छायाचित्र सरपंच आलेले असताना, चहाला जाण्यापूर्वी घ्यावे. तेव्हा सर्वजण हजर असतात, मागे नकाशाही येतो, आणि संध्याकाळी गेलेल्यांना हाका माराव्या लागत नाहीत. अभिप्राय अर्ज सर्वांनी भरलाच पाहिजे असा आग्रह त्या कार्यालयाचा असेल तर तो जेवणाच्या रांगेत उभे असताना तोंडी घेता येतो. दोन स्वयंसेवक प्रश्न विचारत रांगेच्या कडेने फिरले की लिहिता न येणाऱ्यांचेही म्हणणे कागदावर येते. मात्र शेवटच्या सत्राविषयीचा एक प्रश्न वेगळा ठेवून तो आठवड्याभराने महिला मंडळाच्या बैठकीत विचारावा. ठरलेले काम गाव आपले मानते की नाही, हे आपल्याला तेव्हाच कळेल.

दुपारच्या चहासाठी वेगळी सुटी देऊ नये. पावणेतीनला चिंचोके वाटतानाच चहाचे पेले आणि पोदेराकडची (पाववाल्याकडची) बिस्किटे फिरवावीत, म्हणजे कोणी बाहेर जाणार नाही. फक्त चहा सांडून चित्रांचे कागद भिजू नयेत म्हणून पेले ठेवायला भिंतीलगत एक बाक लावून घ्यावा.

एक बदल अवश्य करावा. पावणेबारा ते १ ही गटचर्चा पाऊण तासावर आणावी आणि वाचलेला अर्धा तास जबाबदाऱ्यांना द्यावा. क्रम लावणे लोकांना सोपे जाते, परंतु "फळ्या कोण आणणार, झरीवरची झुडपे कोणत्या रविवारी काढायची, पंचायतीत अर्ज कोण देणार" हे ठरवताना घरी विचारायला हवे, नवऱ्याशी बोलायला हवे, अशा अडचणी निघतात आणि त्यांना वेळ द्यावाच लागतो. त्यासाठी जेवण साडेबाराला घ्या, म्हणजे पुढचे सगळे अर्ध्या तासाने अलीकडे येईल आणि निर्णयाचे सत्र सव्वादोनलाच सुरू होईल. स्वयंपाक करणाऱ्या मंडळींना मात्र ही बदललेली वेळ आदल्या दिवशीच कळवा.